७८४ पासून सुरू होणारे आपण

आपलं 'कागद-पत्तर' हे सदर यंदाही हजर आहे. संपादकांनी विषय सुचवला होता घरभाड्याच्या इजारीचा, पण तो मी पुढच्या वर्षावर ढकलला. वर्षभरात मंडळाच्या ग्रुपवर मला आलेले बहुतेक प्रश्न एमिरेट्स आयडीच्या नूतनीकरणाचे होते. आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे प्रश्न कार्डाचे नव्हतेच. "ताई, कार्ड संपतंय" अशी सुरुवात व्हायची आणि पाचव्या मिनिटाला कळायचं की नोकरी संपतेय, मुलगा पंचविशीचा होतोय, किंवा घरातलं माणूस गेलंय.

हा अंक आता देवरुख, सातारा, बोरिवलीपर्यंत पोचतो. म्हणून तिकडच्या मंडळींसाठी थोडं आधी. तुम्ही फोनवर विचारता ना, "अहो, परवाच तर केलं होतं कार्ड, पुन्हा काय?" तर आमचं कार्ड आमच्या रहिवासाच्या परवान्याला बांधलेलं असतं. खाजगी नोकरीवाल्यांचा परवाना साधारण दोन वर्षांचा. म्हणजे तुमचा पासपोर्ट एकदा बदलेपर्यंत आमचं कार्ड पाच वेळा बदलतं. एप्रिल २०२२ पर्यंत पासपोर्टात व्हिसाचं गुलाबी पान चिकटवत, ते आता बंद झालं. आता हे कार्ड हाच रहिवासाचा पुरावा. बँक, मोबाइलचं सिम, दवाखाना, मुलांची शाळा, विमानतळावरचं आपोआप उघडणारं दार, सगळीकडे हेच. मुदत संपलेलं कार्ड बँकेत वेळेवर बदललं नाही, तर खातं अडकून पडतं आणि पगार जमा होऊनही काढता येत नाही. जुनी माणसं त्याला अजूनही 'बताका' म्हणतात, अरबीतल्या 'बिताका'वरून. आमच्या एका काकांनी त्याची कधीच 'पताका' केली आहे. खिशात पताका असेल तरच माणूस ताठ चालतो, असं त्यांचं म्हणणं.

कार्डावरचा नंबर १५ आकड्यांचा. पहिले तीन ७८४, हा आंतरराष्ट्रीय यादीतला या देशाचा आकडा. पुढचे चार आकडे तुमचं जन्मवर्ष, मग सात आकडे तुमचे स्वतःचे, आणि शेवटचा एक पडताळणीचा. नोकरी बदलली, एमिरेट बदललं, परत गेलात आणि चार वर्षांनी पुन्हा आलात, तरी नंबर तोच. कार्ड दोन वर्षांचं आणि नंबर जन्माचा, असा हा प्रकार आहे.

जन्मवर्षावरून आठवलं. मंडळाच्या वाढदिवसांच्या यादीत १ जूनला एवढे लोक का, असं नव्या पिढीतल्या एका मुलीने विचारलं होतं. अगं, ते सगळे जूनमध्ये शाळेत गेले आणि गुरुजींनी तीच तारीख घातली! शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टावरून इथलं कार्ड. ज्यांनी मधेच कधी जन्मदाखला काढून पॅनवर किंवा आधारवर खरी तारीख लावून घेतली, त्यांचं दोन्ही देशांतलं गणित जुळेनासं होतं. माझं मत विचाराल तर पासपोर्टावर आहे तीच तारीख सगळीकडे ठेवा. खरा वाढदिवस घरात साजरा करा, शिरा गोडच लागतो.

नावांची गंमत याहून मोठी. कार्डावर नाव इंग्रजीत आणि अरबीत असतं आणि अरबी लिपीत प नाही, च नाही, ट नाही, ळ तर नाहीच. त्यामुळे आपले पाटील तिथे 'बातील' होतात, चव्हाण 'शाफान' आणि देशपांडे 'दिशबांदी'. कुलकर्णी तेवढे सुखरूप पार पडतात. अरबी नावावर फार जीव जाळू नका. इंग्रजी स्पेलिंग मात्र पासपोर्टाबरहुकूम अक्षर न् अक्षर पाहा. टायपिंग सेंटरमध्ये अर्जाचा कागद तुमच्यापुढे सरकवतात, तो सही करून परत सरकवायचा नसतो, वाचायचा असतो. मागे माणसं उभी असली तरी वाचायचा.

आणि गावाकडच्या आई-मावश्यांना इकडे भेटीला बोलावणार असाल, तर त्यांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, तेही बघा. जुन्या पासपोर्टांत नुसतं 'सुमन' किंवा 'यमुना' एवढंच असतं. नोव्हेंबर २०२२ पासून असं एकच शब्दाचं नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर अडवू लागले. तिकीट काढायच्या आधी पासपोर्टात आडनाव घालून घेतलेलं बरं.

आता नूतनीकरणाकडे. नोकरीवाल्यांचं काम कंपनीचा मंदूब करतो, बायको-मुलांचं आपण करायचं. पासपोर्टाची किमान सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे, इथेच बरेच अडतात. पासपोर्ट संपायला पाच महिने आणि कार्ड संपायला एक, मग दोन्ही अर्जांची शर्यत लागते. १८ च्या वरच्या प्रत्येकाला वैद्यकीय तपासणी आहे, एचआयव्हीसाठी रक्त आणि क्षयासाठी छातीचा एक्स-रे. सुना-मुलींना एक सांगते, दिवस गेले असतील तर एक्स-रेच्या खोलीबाहेरच सांगा, संकोच करू नका, एक्स-रे माफ होतो. १५ पूर्ण झालेल्या मुलांचे बोटांचे ठसे घेतात. कार्डाची फी वर्षाला १०० दिरहम, म्हणजे दोन वर्षांचे २००, टायपिंगचे वेगळे. परवान्याची आणि तपासणीची फी निराळी. मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवड असते, त्यानंतर दिवसाला २० दिरहम दंड, जास्तीत जास्त १०००. हरवलं तर नव्या कार्डाचे ३००.

एक गोष्ट मुद्दाम ठळक सांगते, कारण आपल्या मंडळात लेबर कॅम्पमधली, दुकानांतली, वर्कशॉपमधली मुलंही येतात आणि ती ग्रुपवर विचारत नाहीत, गणपतीच्या रांगेत हळूच विचारतात. नोकरीच्या व्हिसाचा आणि त्याच्या नूतनीकरणाचा खर्च कंपनीने करायचा, तो पगारातून कापायला २०२१ च्या कामगार कायद्याने मनाई आहे. तुमचा पासपोर्ट किंवा कार्ड कंपनीने ठेवून घ्यायलाही मनाई आहे. "सगळेच ठेवतात" हे उत्तर नव्हे. कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते, मोबाइलवरूनही करता येते. भाषा अडत असेल तर मंडळातलं कुणीही बसून लिहून देईल.

बायका-मुलांचा परवाना घरातल्या कमावत्याच्या परवान्यावर उभा असतो. तो पडला की त्याच्यावरचे सगळे पडतात. नोकरी सुटली आणि व्हिसा रद्द करायची वेळ आली, की आधी कुटुंबाचे परवाने रद्द करायचे, मग स्वतःचा. नवी नोकरी हाताशी असेल तर कुटुंबाचे काही काळ थांबवून ठेवता येतात, तेवढं मंदूबला विचारून घ्या. रद्द झाल्यावर देशात राहायची मुदत पूर्वी सरसकट ३० दिवस असायची, २०२२ च्या सुधारणांनंतर प्रवर्गाप्रमाणे ती जास्तही मिळते. आपली किती, ते ऐकीव माहितीवर सोडू नका, कागदावरची तारीख पाहा. त्यापुढे दिवसाला ५० दिरहम दंड आहे.

दुसरं, सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की परवाना आपोआप बाद होतो. आपल्यातल्या एक वहिनी यंदा सांगलीला सासूबाईंच्या शुश्रूषेला गेल्या होत्या. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, आणि मुलगा इथे बारावीत. पाच महिने लोटले, सासूबाई अजून वॉकरवर. वहिनी मुंबईहून आल्या, दोन रात्री राहिल्या, मुलाला चार दिवस पुरेल एवढी आमटी-भाजी करून ठेवली आणि परत गेल्या. तिकडच्या नातेवाइकांना वाटलं, काय हे, दोन दिवसांसाठी विमानं उडवतात, पैसा फार झालाय! त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. त्या दोन दिवसांनी त्यांच्या परवान्याचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. बाद झाला असता, तर बारावीतल्या मुलाकडे परत यायला पुन्हा अर्जविनंत्या कराव्या लागल्या असत्या.

मुलांचं वेगळंच. इथे जन्मलेल्या बाळाचा परवाना १२० दिवसांत काढावा लागतो, म्हणजे त्याआधी त्याचा भारतीय पासपोर्ट. चार महिन्यांचं पोर, मान धरत नाही आणि फोटोत डोळे उघडे पाहिजेत! तेच पोर पुढे शारजात शाळेत जातं, इथल्या उन्हात क्रिकेट खेळतं, मालवणला गेलं की 'घरी कधी जायचं' म्हणून विचारतं. अविवाहित मुलीला वडिलांच्या परवान्यावर वयाची अट नाही. मुलाला मात्र आहे. पूर्वी १८ ची होती, ऑक्टोबर २०२२ पासून २५ झाली. तोवर त्याने स्वतःची नोकरी आणि स्वतःचा व्हिसा मिळवला तर ठीक, नाहीतर ज्या गावात जन्मला तिथे पाहुण्याच्या व्हिसावर यायचं. १० वर्षांचा गोल्डन व्हिसा असेल तर मुलाच्या वयाची अटही नाही आणि सहा महिन्यांचीही. पण त्याला २० लाख दिरहमची मालमत्ता, किंवा पदवी आणि महिना ३०,००० दिरहमचा पगार वगैरे लागतं. मंडळात किती जणांकडे ते आहे, हे आपल्याला वर्गणी गोळा करताना कळतंच.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते. गेल्या फेब्रुवारीत आपल्यातले एक जण अचानक गेले. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. वहिनी १९९४ पासून इथे, नवऱ्याच्या व्हिसावर. जुन्या पासपोर्टातल्या व्हिसाच्या पानांवर दर वेळी 'हाउसवाइफ' छापलेलं, खरं तर त्या गेली १९ वर्षं बालवाडीत शिकवतात, व्हिसा नवऱ्याचा आणि वर्क परमिट शाळेचं. तेराव्याच्या आत प्रश्न आला की आता यांच्या कार्डाचं काय? बँकेने साहेबांचं खातं गोठवलं, दोघांच्या नावावरचं सुद्धा. मृत्यूचा दाखला, त्याचं अरबीतून भाषांतर, साहेबांचा व्हिसा रद्द करणं, हे सगळं त्याच आठवड्यात. मुलगा कॅनडातून आला होता, पण त्याला फायली कुठे आहेत तेच माहीत नव्हतं.

त्यांच्यापुढे रस्ते दोन होते. २०१८ च्या ऑक्टोबरपासून विधवांना आणि घटस्फोटितांना प्रायोजकाशिवाय एक वर्षाचा परवाना मिळतो. त्याला नवऱ्याचा परवाना मृत्यूच्या वेळी चालू असल्याचा पुरावा, राहायची सोय आणि पोटापाण्याची सोय दाखवावी लागते. दुसरा रस्ता म्हणजे शाळेने त्यांना स्वतःच्या व्हिसावर घेणं. मुलगा म्हणत होता, "आई, कशाला हे सगळं, पुण्याच्या फ्लॅटवर जा, नाहीतर माझ्याकडे ये." आम्ही चौघी-पाचजणी त्या दिवशी तिथे होतो. वहिनी म्हणाल्या, "जायचं तर जाईन. पण व्हिसा संपला म्हणून नाही जाणार."

शाळेने व्हिसा दिला. पण मध्ये जवळजवळ महिना गेला तो एका कागदापायी. लग्नाचा दाखला हवा होता, बँकेसाठी आणि वारसाच्या कामासाठी. दाखला होता, १९९४ साली त्यावरच तर व्हिसा निघाला होता, पण मूळ प्रत सापडेना. शेवटी ती देवघराच्या खणात, पोथ्यांच्या खाली मिळाली. सोन्याहून जास्त जपून ठेवली होती साहेबांनी, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

ज्यांच्या घरी असा दाखलाच नाही, आणि ऐंशीच्या दशकात गावी लग्न झालेले असे बरेच आहेत, त्यांनी या सुट्टीत गावी गेल्यावर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली लग्नाची नोंद करून घ्या, नोंद उशिरा झाली तरी चालते. मग राज्य सरकारचा शिक्का, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग इथल्या वकिलातीचा आणि शेवटी इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, असे टप्पे आहेत. भारतातून नुसता 'अपोस्टिल' करून आणलेला कागद इथे चालत नाही, कारण हा देश त्या करारात नाही. एजंट "सगळीकडे चालतं" म्हणतील, ऐकू नका.

आणि नवरोजींनो, फाइल दाखवा घरात. मूळ दाखले कुठे, पासवर्ड कुठे, मंदूबचा फोन कोणता. बायकोच्या नावावर इथे वेगळं बँक खातं असू द्या, त्यात तीन-चार महिन्यांचा खर्च असू द्या. हे वाचून कुणी म्हणेल, दिवाळीत कसली अभद्र बोलणी! लक्ष्मीपूजनाला चोपड्या मांडतोच ना आपण, त्यांच्याबरोबर ही फाइलही मांडा.

वहिनींचं नवं कार्ड मे महिन्यात आलं. नंबर अर्थात तोच जुना, ७८४-१९६७ ने सुरू होणारा. मागच्या बाजूला हुद्द्याच्या जागी आता 'टीचर' आहे.

जाता जाता, नोव्हेंबर-डिसेंबरात ज्यांची कार्डं संपतायत त्यांच्यासाठी. २ आणि ३ डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, आणि शनिवार-रविवार जोडून आला तर चार दिवस काही हलत नाही. वैद्यकीय तपासणी त्याआधी उरकून घ्या. नवं कार्ड हातात यायला वेळ लागला तर मोबाइलमधलं डिजिटल कार्ड दाखवता येतं, पण ते ॲपमध्ये आधी उतरवून ठेवा, दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून नको.

पुढच्या वर्षी नक्की इजारी. आपले प्रश्न गणपतीपर्यंत पाठवा, म्हणजे मला ऐन दिवाळीत चकल्या करपवत लिहावं लागणार नाही.