वेळ आली नव्हती

काल माझ्या मित्राची तेरवी झाली. मांडवात जो येई तो माझ्याजवळ बसून तेच म्हणे, "वेळ आली होती गुरुजी, कोणाच्या हातात असते जी?" मीही मान हलवत होतो. मयताच्या घरी वाद घालायचा नसतो. पण रात्री झोप लागली नाही, कारण मी खोट्याला मान डोलावली होती. त्याची वेळ आली नव्हती. ७२ वर्षांचा होता, साखर नाही, बीपी नाही, सकाळी करडीच्या रस्त्याने माझ्यापेक्षा भरभर चालायचा.

त्याचं नाव लिहीत नाही. गावातल्या लोकांना माहीत आहे, बाहेरगावच्या नातेवाइकांना मी फोनवर सांगितलं आहे. एका शाळेत आम्ही तीसेक वर्षं शिकवलं. त्याने लुना घेतली तेव्हा तिच्यावर मागे बसून मी पगाराच्या दिवशी मोहाडीला जायचो. चढ आला की उतरून ढकलायचं काम माझ्याकडे! असो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना झाडीपट्टीच्या या वेडाची कल्पना यायची नाही. त्या संध्याकाळी तो पुतण्याच्या मोटारसायकलवर शेजारच्या गावच्या मंडईला निघाला होता. वाटेत माझ्याकडे चहाला थांबला. मुलाने नागपूरहून आणून दिलेलं हेल्मेट त्याने माझ्या पडवीतल्या खुंटीला अडकवलं. निघताना तिथंच राहिलं. मी ओरडलो, "अरे, हेल्मेट!" तो मागे बसल्या बसल्या म्हणाला, "राहू दे ना जी, इथं तं जातो. उद्या नेतो." मी म्हणालो, "बरं."

हे "बरं" मला आता गिळता येत नाही.

सध्या धान कापणीचे दिवस. खळ्यासाठी जागा उरली नाही म्हणून धान डांबरी रस्त्यावर वाळू घालतात, आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडतात. संध्याकाळी धान गोळा होतं, दगड तिथंच राहतात. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे, धान वाळवण्याची अडचण मला शिकवू नका. पण पोती उचलायला चार माणसं असतात, मग त्यांच्याकडून दगड का उचलले जात नाहीत? पुढचं चाक त्या दगडावर चढलं. पुतण्याचा हात मोडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, कारण पोलीस चालवणाऱ्यालाच विचारतात असा त्याचा समज. माझा मित्र डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला. भंडारा, मग नागपूर, तिसऱ्या दिवशी संपलं.

गाडी जोरात नव्हती, असं सगळे सांगतात. हे मला सर्वात जास्त खुपतं. आमच्या शाळेच्या गणिताच्या सरांकडून मी हिशोब करून घेतला (मी मराठीचा मास्तर). गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून नुसतं खाली पडलं तरी ते ताशी १९-२० किलोमीटर वेगाने आदळतं. गाडीचा वेग शून्य धरून! "हळू चालवतो" म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपतो आणि मेंदूला थांबायला क्षणभर जास्त वेळ देतो. एवढंच त्याचं काम.

मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागत नाही, हे कोणी ठरवलं? मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम १२९ मध्ये दोघांनाही सक्ती आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ लोक अपघातात गेले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. एवढ्या सगळ्यांची वेळ एकाच वर्षात, डोकं उघडं असतानाच बरी आली!

मुंबईत दादाराव बिल्होरे म्हणून भाजीविक्रेते आहेत. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर पाण्याखालचा खड्डा न दिसल्याने त्यांचा १६ वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. तोही मागे बसला होता. हेल्मेट घातलेला चुलतभाऊ वाचला, तो वाचला नाही. दादाराव नशिबाला बोल लावत बसले नाहीत. ते स्वतः घमेलं घेऊन शहरातले खड्डे बुजवू लागले. १९३५ मध्ये इंग्लंडात लॉरेन्स ऑफ अरेबिया मोटारसायकलवरून पडून मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतले मेंदूचे डॉक्टर केर्न्स यांनीही तेवढ्यावर सोडलं नाही. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा त्यांनी वर्षानुवर्षं तपासल्या आणि १९४१ मध्ये हेल्मेटची गरज छापून दाखवली.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. उन्हाळ्यात डोकं शिजतं. खरं आहे, वैशाखात आमच्याकडे शिजतंच. ऐकू येत नाही, मान दुखते, केस जातात. (माझे तर हेल्मेटाशिवायच गेले.) पुण्यात तर २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, शिकलेल्या लोकांचा! पण या सगळ्यांपेक्षा घातक आहे ते "इथं तं जातो." मुंढरीला जाताना, शेतावर जाताना, दळण आणताना. कोकाच्या जंगलरस्त्यावर आडवं येणारं रानडुक्कर तुम्ही किती लांब चाललात ते विचारत नाही. मागचा दिवा नसलेली धानाची ट्रॉलीही विचारत नाही.

आणि आम्ही मास्तर मंडळी! वर्गात शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी पोरांना दहादा लिहायला लावलं. मित्राला एकदा खाली उतरवून डोक्यावर हेल्मेट चढवायचं तर संकोच वाटला. लोक काय म्हणतील, म्हातारा भितो.

आज सकाळी त्याचा मुलगा हेल्मेट न्यायला आला. हातात धरून बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "काका, तुमच्याकडेच ठेवा." दुपारी बँकेत जायचं होतं. शेजारच्या पोराच्या गाडीवर मागे बसलो, ते घातलं. त्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं होतं, पट्टा बराच आवळावा लागला. माझ्या मापाचं मागवलं आहे. पोरगा म्हणाला, "गुरुजी, बँक तं इथंच आहे ना." मी त्याला गाडी बंद करायला लावली आणि घरून त्याचं हेल्मेट आणायला पाठवलं.