एक्स-रे फोटो म्हणून नको
जळकोटसारख्या गावातून एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर लातूरच्या डॉक्टरांना धाडला जातो. वाटेत तो आकसतो. ‘जेपेग’ पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. त्यामागचे गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले. मुक्त सॉफ्टवेअरमुळे ते सर्वांना फुकट मिळाले. लग्नाच्या फोटोला हे चालते. पण हाडातली केसाएवढी चीर नेमकी त्या बारकाव्यांसोबत पुसली जाऊ शकते. म्हणून एक्स-रे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फिल्म जपा. सरकारी टेलिमेडिसिन सेवेनेही तपशील न गमावणारी पद्धतच वापरावी; तिचीही मुक्त साधने उपलब्ध आहेत.