खापर कोणाच्या माथी?

रविवारच्या मिस्सेनंतर शिकागोतील आमच्या चर्चच्या तळघरात कॉफी मिळते आणि कॉफीसोबत वाद फुकट मिळतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियाना राज्य विद्यापीठाने आपले फुटबॉल प्रशिक्षक ब्रायन केली यांना पदावरून दूर केले, तेव्हा त्या तळघरात त्यांच्याविषयी एकाएकी ममता दाटून आली. हेच केली २०१० पासून बारा हंगाम नोत्र दाम विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. ‘‘किती सामने जिंकून दिले त्यांनी आपल्याला! २०१६ चा तो एक हंगाम सोडला, तर काय उणे होते?’’ असे माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले. मी त्या वेळी गप्प राहिलो. वाद घालण्याइतके इंग्रजी मला ऐन वेळी सुचत नाही. परंतु तो हंगाम असा सहज सोडून देता येत नाही, हे निदान माझ्या भाषेत तरी सांगितलेच पाहिजे.

वसईच्या एका शाळेत तीस वर्षे फळ्यासमोर उभा राहून २००५ साली मी मुलाकडे आलो. शिकागोहून दोन तासांच्या अंतरावर, इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे हे विद्यापीठ आहे. होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली ते स्थापन केले आणि पवित्र मरियेचे नाव त्याला दिले. (इकडचे लोक त्या नावाचा उच्चार ‘नोटर डेम’ असा करतात, त्याची आता सवय झाली आहे.) मुलाने पहिल्याच शरद ऋतूत मला तेथील सामन्याला नेले. मैदानावरून ग्रंथालयाच्या भिंतीवरील प्रभू येशूचे दोन्ही हात उंचावलेले भव्य चित्र दिसते. ऐंशी हजारांच्या त्या गर्दीत मी त्या संघाचा झालो तो कायमचा.

अमेरिकेतील हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा हवेतून सहकाऱ्याकडे फेकायचा. दर काही क्षणांनी खेळ थांबतो आणि पुढची चाल कोणती, हे मैदानाबाहेर उभे असलेले प्रशिक्षक ठरवतात. आपल्याकडे शिटी वाजल्यावर प्रशिक्षकाला ओरडण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. येथे मात्र जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या मुखातून निघते. ज्याचा हुकूम इतका सर्वंकष, त्याची जबाबदारीही तेवढीच सर्वंकष असायला नको काय?

२०१६ चा हंगाम सुरू झाला, तेव्हा पत्रकारांच्या क्रमवारीत आमचा संघ देशात दहावा होता. हंगाम संपला तेव्हा बारांपैकी चार सामने जिंकलेले आणि आठ हरलेले. हरण्याचे मला दुःख नाही. हरण्याची रीत पाहा. टेक्सासविरुद्ध ५०-४७, ड्यूकविरुद्ध ३८-३५, नौदल अकादमीविरुद्ध २८-२७, व्हर्जिनिया टेकविरुद्ध ३४-३१. आठांपैकी सात सामने आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने गेले. वर्गातील मुले पस्तीसऐवजी तेहतीस गुणांवर अडकू लागली, तर मुख्याध्यापक मुलांच्या बुद्धीला बोल लावीत नाहीत. ते शिक्षकाला खोलीत बोलावतात. दोन गुणांची ती उणीव सरावाची असते, शिस्तीची असते, म्हणजेच शिकवण्याची असते.

ड्यूककडून घरच्या मैदानावर हरल्यावर दुसऱ्याच दिवशी केली यांनी बचाव विभागाच्या प्रशिक्षकाला काढून टाकले. बचाव खरोखरच दुबळा होता, हे मी नाकारीत नाही. पण त्या प्रशिक्षकाला २०१४ साली आणले कोणी? दोन हंगाम त्याच्या उणिवा दिसत असताना त्याला ठेवले कोणी?

आता ८ ऑक्टोबरचा सामना. नॉर्थ कॅरोलायनातील राले शहरात मॅथ्यू चक्रीवादळाचा पाऊस असा कोसळत होता की मैदानाचे तळे झाले होते. वसईच्या माणसाला अशा पावसाचे वर्णन सांगायला नको. ओला चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटतो. अशा वेळी चेंडू पोटाशी धरून पुढे रेटावा, हे शेजारच्या आजीबाईंनीही सांगितले असते. आमच्या संघाने त्या दिवशी २६ वेळा चेंडू हवेत फेकला आणि तो अवघा ९ वेळा आपल्या माणसाच्या हाती लागला. सामना १०-३ असा गेला. आणि सामन्यानंतर पत्रकारांपुढे प्रशिक्षकांनी बोट कोणाकडे दाखवले? प्रत्येक चालीच्या आरंभी पायांमधून चेंडू मागे देणाऱ्या, त्या वर्षीच संघात पाय रोवू पाहणाऱ्या मुलाकडे. त्याचे काम अत्यंत वाईट झाले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. एका शिष्यवृत्तीवर शिकणारा, आपल्या नावावर एक डॉलर मिळवण्याचीही त्या काळी मुभा नसलेला विद्यार्थी; आणि वर्षाला लक्षावधी डॉलर घेणारा त्याचा गुरू! त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

त्याच नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट घडली. संघासोबत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने काही खेळाडूंचा अभ्यास त्यांच्या वतीने करून दिल्याचे आढळल्यामुळे महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१२ आणि २०१३ या दोन हंगामांतील २१ विजय रद्द ठरवले. विद्यापीठाने या शिक्षेविरुद्ध दाद मागितली. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे काही नव्हते असे नाही. परंतु या प्रकरणात आपला दोष किती, असे पत्रकारांनी विचारले, तेव्हा केली यांनी तो शून्य असल्याचे ठासून सांगितले. विजय प्रशिक्षकाच्या खात्यावर जमा होतात, मग रद्द झालेल्या विजयांतील शून्याचा वाटा तेवढा त्याचा?

‘जबाबदारी’ या शब्दाचा अर्थ त्या विद्यापीठात कोणाला ठाऊक नव्हता असे मात्र नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये, केली यांच्या पहिल्याच हंगामात, सोसाट्याच्या वाऱ्यात उघड्यावर सराव चालू असताना चित्रण करणारा वीस वर्षांचा एक विद्यार्थी उंच यांत्रिक मचाणासह कोसळला आणि मरण पावला. पुढे झालेल्या चौकशीत विद्यापीठाने कोणाही एका व्यक्तीला दोषी धरले नाही. तथापि काही दिवसांतच विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांनी पत्र लिहून मान्य केले होते की, हा मुलगा आमच्या हवाली होता, आम्ही त्याला सुरक्षित ठेवू शकलो नाही आणि अंतिमतः जबाबदार मी आहे. फादर जेन्किन्स मैदानावर नव्हते. मचाण त्यांनी उभारले नव्हते. माझ्या मते एवढे एक पत्र प्रशिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावायला हवे होते.

येथे कोणी म्हणेल, तुम्हांला सज्जन प्रशिक्षक हवा, मग पराभव सोसा. १९८१ साली याच विद्यापीठाने तो प्रयोग केला. ओहायोतील एका कॅथलिक शाळेचे यशस्वी प्रशिक्षक जेरी फाउस्ट यांना थेट येथे आणले. माणूस श्रद्धाळू आणि निर्मळ. पण पाच हंगामांत ३० विजय, २६ पराभव, एक बरोबरी, आणि १९८५ च्या अखेरच्या सामन्यात मायामीकडून ५८-७. करार पाच वर्षांचा होता, म्हणून त्या वेळचे अध्यक्ष फादर हेसबर्ग यांनी शब्द पाळला आणि त्यांना पाचही वर्षे दिली. शब्द पाळणे योग्यच होते. परंतु जपमाळेने बचावाची फळी उभी राहत नाही, हेही तेव्हाच सिद्ध झाले. मी भक्तिभावाची नव्हे, अध्यापनाची मागणी करतो आहे. त्याउलट २००५ साली, म्हणजे मी आलो त्या वर्षी, चार्ली वाइस यांना जेमतेम सात सामने झाल्यावर दहा वर्षांचा करार बहाल झाला. २००७ साली तीन विजय आणि नऊ पराभव. त्रेचाळीस वर्षे सलग हरवलेल्या नौदल अकादमीकडूनही हार. २००९ च्या अखेरीस वाइस गेले, आणि पुढे कित्येक वर्षे विद्यापीठ त्यांना पैसे देत राहिले. एकूण सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलर. घाईने कोणाला डोक्यावर घ्यावे आणि मग ओझ्याची तक्रार करावी, ही खोड आपल्याकडच्या संस्थांनाही ठाऊक आहे.

तळघरातील गृहस्थांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. २०१७ साली संघ सावरला. तेरांपैकी दहा सामने जिंकला. का सावरला? त्या हिवाळ्यात केली यांनी सहाय्यक बदललेच, पण एकेका खेळाडूला समोर बसवून त्याचे म्हणणेही ऐकून घेतले, आणि आपण मुलांपासून दूर गेलो होतो हे कबूल केले. प्रशिक्षकांच्या बाजूने पुढे केला जाणारा हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. मुले तीच होती, बदलले ते शिकवणे. दुःख एवढेच की तो धडा टिकला नाही. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर अंतिम स्पर्धेची संधी संघाला अजून असतानाच ते लुइझियानाला निघाले. अनेक मुलांना ही बातमी आधी फोनच्या पडद्यावरून कळली, आणि पहाटेच्या निरोपाची सभा काही मिनिटांत आटोपली.

त्यांच्या जागी आलेले मार्कस फ्रीमन यांचा संघ २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयसारख्या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर १६-१४ असा हरला. आम्ही तळघरात पुन्हा कपाळाला हात लावला. त्यानंतर तोच संघ सलग तेरा सामने जिंकून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे ओहायो राज्य विद्यापीठाकडून ३४-२३ असा हरला, तरी त्या रात्री मी शांत झोपलो.

आणि पावसातल्या त्या मुलाचे काय झाले? २०१८ साली तो संघनायकांपैकी एक झाला आणि त्या वर्षी नियमित हंगामातील बाराही सामने संघाने जिंकले. पुढे तो आमच्या शिकागोच्याच व्यावसायिक संघातून खेळू लागला. रविवारी दुपारी टीव्हीवर तो चेंडूवर वाकलेला दिसला की माझा नातू मला हाक मारायचा, ‘‘आजोबा, तुमचा माणूस!’’