मधली नव्वद वर्षे : जिम क्रोचे कायदे आपल्या मुलांना शिकवताना

आम्ही दर रविवारी बुद्धविहारात नववी-दहावीच्या मुलांचा वर्ग घेतो. मध्यंतरी विषय ठेवला होता अमेरिकेतील वर्णभेद. सुरुवातीलाच मुलांना विचारले, तुम्हाला याबद्दल काय माहीत आहे? उत्तरे ठरलेली आली. लिंकनने गुलामगिरी संपवली. रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही. मार्टिन ल्युथर किंगने मोठे भाषण केले. मग ओबामा राष्ट्राध्यक्ष झाला. चार वाक्यांत विषय संपला. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "ताई, गुलामगिरी १८६५ ला संपली आणि बसची गोष्ट १९५५ ची. मग मधली नव्वद वर्षे काय चालू होते?"

आमच्या मते खरा धडा याच प्रश्नापासून सुरू होतो. पण आपले कार्यकर्तेसुद्धा भाषणात ही नव्वद वर्षे गाळतात. 'तिकडे काळे, इकडे आपण' एवढे म्हणून टाळ्या घेतात आणि पुढे जातात. त्यामुळे मुलांचा समज होतो की भेदभाव म्हणजे काही वाईट माणसांच्या मनातला द्वेष. एखादी धाडसी बाई आणि एखादा मोठा वक्ता आला की तो संपतो. हा समज आपल्या चळवळीला घातक आहे.

त्या मधल्या वर्षांत काय झाले ते नीट पाहू. १८६५, १८६८ आणि १८७० या वर्षांत अमेरिकेच्या संविधानात तीन दुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी गेली, नागरिकत्व आले, वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही असे ठरले. दक्षिणेतल्या राज्यांत काळे लोक मतदान करू लागले, आमदार झाले, काही तर काँग्रेसवर निवडून गेले. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतले सैन्याचे संरक्षण काढून घेतले आणि गोऱ्या मालकवर्गाने सत्ता परत हातात घेतली. मग एकेका विधिमंडळात कायदे मंजूर होऊ लागले. त्या सगळ्यांना मिळून 'जिम क्रो' म्हणतात. हे नावही एका नाटकी पात्राचे. गोरा नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसाची टिंगल करायचा, त्या पात्राचे.

लुइझियाना राज्याने १८९० मध्ये रेल्वेत काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे करण्याचा कायदा केला. न्यू ऑर्लिन्सच्या काही नागरिकांनी समिती स्थापन केली, वर्गणी काढली, वकील गाठला आणि ठरवून तो कायदा मोडला. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला. मुलांना इथे थांबवून सांगावे की प्लेसी दिसायला गोरा होता. त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकी सात गोरे होते. त्याने स्वतः सांगितले नसते तर तिकीट तपासणाऱ्याला कळलेही नसते. 'रंग डोळ्यांना दिसतो म्हणून भेद होतो' ही समजूत इथेच गळून पडते. रेषा कातडीवर नव्हती, कायद्याच्या कागदावर होती. जात न दिसताही आडनाव विचारून शोधून काढणाऱ्या देशातल्या मुलांना हे लगेच कळते.

१८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने प्लेसीच्या विरोधात निकाल दिला. सोय समान असेल तर वेगळे ठेवण्यात अन्याय नाही, असे म्हटले. 'समान पण वेगळे' हे तत्त्व पुढची ५८ वर्षे टिकले. त्याच काळात मताधिकारही काढून घेतला गेला, आणि तोही कायद्यानेच. 'काळ्यांनी मत देऊ नये' असे कुठेही लिहिले नाही, कारण संविधान आडवे येत होते. मतदानासाठी कर लावला, वाचनाची परीक्षा ठेवली. गरीब, निरक्षर गोरे त्यात अडकू नयेत म्हणून १८९८ मध्ये लुइझियानाने पळवाट काढली : ज्याचा बाप किंवा आजोबा १८६७ च्या आधी मतदार होता त्याला सूट. गुलामाचा आजोबा मतदार कसा असणार? १८९६ मध्ये त्या राज्यात सुमारे १ लाख ३० हजार काळे मतदार होते. १९०४ मध्ये उरले सुमारे १३००. हे आकडे फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ गप्प राहा. मुलेच बोलू लागतात.

नॉर्थ कॅरोलायनात कायदा होता की काळ्या शाळेतली पुस्तके गोऱ्या शाळेत वापरायची नाहीत आणि गोऱ्यांची काळ्यांकडे द्यायची नाहीत. ज्या वंशाच्या मुलांनी पुस्तक आधी हाताळले, ते त्यांच्याकडेच राहील. बर्मिंगहॅम शहराने १९३० मध्ये काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र पत्ते किंवा सोंगट्या खेळणेही गुन्हा ठरवला. पुस्तकाचा कायदा ऐकताच वर्गातला एक मुलगा म्हणाला, "हा तर विटाळच!"

बरोबर आहे. पण शिकवणाऱ्याने इथे थांबू नये. साम्य दाखवणे सोपे असते, फरक दाखवायला अभ्यास लागतो. तिकडे भेद सरकारने लिहून ठेवला होता. आपल्याकडे १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे कागद आपल्या बाजूने होता! तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली पाणी प्यायलेल्या लोकांवर हल्ला झाला आणि तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. तिथे आधी कायदा मोडावा लागला. इथे असलेला कायदा अमलात आणायला सत्याग्रह करावा लागला, कारण विषमतेमागे धर्मशास्त्र आणि गावगाडा उभा होता. म्हणूनच बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली. हा फरक समजला नाही तर मुले 'कलम १७ आले, अस्पृश्यता संपली' असे परीक्षेत लिहितात, आणि घरी येऊन भाड्याची खोली का मिळत नाही ते आईबापांना विचारतात.

आता कोणाची गोष्ट सांगायची? आम्ही रोझा पार्क्सच्या आधी बार्बरा जॉन्सची सांगतो. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी काळ्या मुलांचे मोटन हायस्कूल होते. १८० मुलांसाठी बांधलेल्या शाळेत साडेचारशेच्या वर मुले. वाढीव वर्ग डांबरी कागद लावलेल्या झोपड्यांत भरायचे. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बराने मुख्याध्यापकांना खोट्या फोनने शाळेबाहेर काढले, सगळ्या मुलांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. मागणी चांगल्या इमारतीची होती. वकील आले आणि म्हणाले, चांगली वेगळी शाळा मागणार असाल तर आम्ही येत नाही, वेगळेपणच रद्द करा म्हणणार असाल तर लढू. मुले आणि पालक तयार झाले. हा खटला इतर चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ मे १९५४ रोजी 'ब्राऊन' निकालात न्यायालयाने एकमताने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

गोष्ट इथे संपवली तर ती परीकथा होते. पुढचे सांगायलाच हवे. एकत्र शिकवण्याची वेळ आली तेव्हा १९५९ मध्ये त्या काऊंटीने सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. अनेक काळ्या मुलांची पाच वर्षे वाया गेली. १९६४ मध्ये न्यायालयाने दटावल्यावर शाळा पुन्हा उघडल्या. निकाल जिंकला आणि वर्गाला कुलूप लागले, हे आपल्या मुलांना कळू द्या. आज सरकारी शाळा बंद पडताना आणि शिष्यवृत्ती रखडताना त्यांना त्याचा अर्थ लागेल.

यावर काही जण म्हणतात, आपलाच इतिहास मुलांना माहीत नाही, तिकडचा कशाला? आमचे उत्तर असे की हाही आपल्याच परंपरेचा भाग आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, हार्लेमच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या काळ्या लोकांच्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. आपल्या पूर्वसुरींनी जगाकडे असे पाहिले, आणि आपण मुलांना गावच्या वेशीत कोंडून ठेवायचे?

दुसरा आक्षेप : मुलांच्या मनात द्वेष भरू नका. एका शाळेत आम्ही व्याख्यानाची परवानगी मागायला गेलो तेव्हा हेच ऐकले. "मुलांच्या डोक्यात जात घालू नका." जणू ती डोक्यात आम्हीच घालतो! अमेरिकेतही हेच चालू आहे. रुबी ब्रिजेस १९६० मध्ये सहा वर्षांची असताना गोऱ्या जमावाच्या शिव्या ऐकत शाळेत गेली. तिने स्वतः लिहिलेल्या पुस्तकाविरुद्ध २०२१ मध्ये टेनेसीत पालकांच्या एका गटाने तक्रार केली. जे तिने सहाव्या वर्षी सोसले, ते सात-आठ वर्षांच्या मुलांनी वाचूही नये! फ्लोरिडाने २०२३ च्या अभ्यासक्रमात गुलामांनी शिकलेली कौशल्ये काही वेळा त्यांच्याच फायद्याची ठरली, असा मुद्दा घातला. ज्यांना इतिहासाची अडचण होते त्यांची भाषा सगळीकडे सारखी असते.

आमचा एक आक्षेप मात्र आपल्याच कार्यकर्त्यांवर आहे. व्हिडीओ बघून काही जण वर्गात 'काळे' आणि 'गोरे' असे गट पाडून अपमानाचा खेळ खेळवतात. कृपा करून हे करू नका. जात न सोसलेल्या मुलांसाठी तो कदाचित धडा असेल. आपल्या मुलांना अपमान खेळून शिकवायची गरज नाही. त्यांना कायदे वाचायला द्या, तारखा द्या, कोणाचा फायदा झाला ते विचारा.

आणि आरसा आपल्याकडेही फिरवा. आपल्या वस्तीत सावळ्या मुलीला काय म्हणतात? आपल्या वधू-वर मेळाव्याच्या परिचयपत्रात 'गोरी' हा शब्द किती वेळा येतो? शहरात शिकायला आलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांबद्दल आपली पोरे काय बोलतात? पोटजात बघून लग्न मोडणारे घर आपल्यातही आहे. जुन्या पुस्तकांत 'निग्रो' शब्द येतो, बाबासाहेबांच्या लिखाणातही येतो. तो त्या काळाचा शब्द होता, आज तो अपमानाचा आहे, एवढे तरी मुलांना सांगा. दुसऱ्याच्या दुःखाचे उदाहरण वापरायचे आणि त्या माणसाचा मान ठेवायचा नाही, हे आंबेडकरी माणसाला शोभत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही एका रविवारात उत्तर देऊ शकलो नाही. चार रविवार लागले. शेवटच्या रविवारी मुलांना गृहपाठ दिला : घरातल्या सर्वात वयस्क माणसाला विचारा, तुम्ही शाळेत कुठे बसत होता, पाणी कोण वाढत होते, आणि ते कोणत्या साली बदलले? बदलले असेल तर कोणामुळे? उत्तरे वहीत लिहून आणा. आपल्या 'मधल्या वर्षांचा' इतिहास अजून पुस्तकात आलेला नाही. तो आजी-आजोबांसोबत निघून जाण्याआधी लिहून घ्यायला हवा. तुमच्या विहारात, तुमच्या अभ्यासिकेत हे काम या रविवारपासून सुरू करा.

जय भीम!