अंबडचा राजा नेमका कुठला?

नवरात्रात अंबडला मत्स्योदरीच्या डोंगरावर तुम्ही कधी तरी गेला असालच. डोंगर माशासारखा दिसतो म्हणून देवी मत्स्योदरी, हे सगळ्यांना पाठ. पण गावाला 'अंबड' का म्हणतात? 'अंबऋषींवरून', असं उत्तर येतं. आणि हे अंबऋषी कोण? खरी गंमत इथून सुरू होते.

कुणी म्हणतं, पुराणातला राजा अंबरीष तो हाच. जुन्या गॅझेटियरमध्ये मात्र अंब नावाचा राजा आहे. राज्यकारभाराला कंटाळून तो इथल्या डोंगरातल्या गुहेत येऊन राहिला आणि मग स्वतःच्या नावाने त्याने गाव वसवलं. भागवताचा नववा स्कंध उघडा, तर अंबरीष हा नाभागाचा मुलगा. दुर्वासांसोबतचा त्याचा प्रसिद्ध प्रसंग घडतो यमुनेकाठी, गोदावरीच्या या पट्ट्यात नाही.

मग आपली गोष्ट खोटी? मला तसं वाटत नाही. मूळ शोधणं म्हणजे कुणाचं खोटं पकडणं नव्हे.

किंग आर्थरचंच बघा. नवव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात तो फक्त लढायांचा म्होरक्या आहे. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉन्मथने त्याला मोठा राजा केला. ११५५ मध्ये वेस नावाच्या कवीने त्याच्या दरबारात ते गोल टेबल आणलं. थर मोजले म्हणून आर्थर काही संपला नाही.

आपल्याकडे रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या लोकदेवापर्यंत नेलं. त्याला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारी थांबली का? उलट विठ्ठल आणखी आपला वाटू लागला.

खरा धोका प्रश्न विचारण्यात नाहीये. कुणीतरी ग्रुपवर 'खरा इतिहास' म्हणून एकच गोष्ट फॉरवर्ड करतं आणि बाकीच्या गुपचूप मरतात, धोका तिथे आहे.

म्हणून या सुट्टीत एवढं करा. आजीला विचारा, तुमच्या गावाचं नाव कशावरून पडलं? ती सांगेल तसंच, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तिने ते कुणाकडून ऐकलं, तेही लिहा. शेजारच्या काकूंनी वेगळं सांगितलं तर भांडू नका, तेही लिहा. गॅझेटियरवाल्यांनी तरी दुसरं काय केलं होतं?