आरक्षण नसलेल्या मैदानावर डहाणू-तलासरीच्या मुली का दिसत नाहीत?

"खेळात कुठे असते आरक्षण? तिथे ज्याच्यात दम तोच पुढे जातो." आरक्षणावरचा वाद हातातून निसटू लागला की समोरचा हे वाक्य हमखास काढतो. आम्ही ते इतक्या वेळा ऐकले आहे की एकदा ते गंभीरपणे घेऊन तपासायचे ठरवले. तपासायला निवडला मुलींचा कॉलेज बास्केटबॉल, आणि ठिकाण निवडले पालघर जिल्ह्याच्या टोकाचे, गुजरातच्या सीमेला लागलेले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. तलासरीत तर जवळपास सगळी वस्ती आदिवासींची, त्यातही वारली मोठ्या संख्येने.

आधी शिडी समजून घेऊ. कॉलेजचा संघ आपल्या विभागात खेळतो, तिथून वर गेला तर आंतरविभागीय फेरीत. त्या सामन्यांतून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा एकच संघ बनतो. मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबई, ठाणे, पालघर, रायगडपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत. शेकडो कॉलेजे, आणि मुलींच्या बास्केटबॉलचा संघ एक. तो संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो, तिथल्या पहिल्या चारांत आला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथे वरचा क्रमांक मिळाला तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, जी 2020 साली भुवनेश्वरला सुरू झाली.

आता कुणी म्हणेल, खेळ आहे, हरले-जिंकले, एवढे काय त्यात? एवढेच नाही. केंद्र सरकारच्या गट क मधल्या नोकऱ्यांत खेळाडू म्हणून भरती होते. त्या भरतीला पात्र ठरण्याच्या निकषांपैकी एक आहे आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले असणे. मान्य खेळांच्या यादीत बास्केटबॉल आहे. म्हणजे पदक बाजूला ठेवा, नुसत्या त्या एका संघात नाव आले तरी एका मुलीला सरकारी नोकरीच्या अर्जात एक जास्तीचा रकाना भरता येतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी 5 टक्के जागा आहेत, त्यांच्या अटी वेगळ्या आणि कडक आहेत, पण दार आहे. ज्या घरात पहिली पदवीधर मुलगीच आहे, त्या घरासाठी हा रकाना म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

म्हणून "खेळात आरक्षण नसते" हे वाक्य अर्धेच आहे. खेळातून आरक्षित जागा मिळते. फक्त त्या जागेपर्यंत कोण पोहोचते, हे विचारायचे नसते.

क्रमवारीचे म्हणाल तर जगात मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची सर्वांत मोठी क्रमवारी अमेरिकेत लागते. तिथे 1976 पासून वृत्तसंस्थेची साप्ताहिक क्रमवारी निघते, 1982 पासून एनसीएए ही संस्था मुलींची राष्ट्रीय स्पर्धा घेते. मार्च महिना आला की कुठला संघ आत, कुठला काठावर, कुठला बाहेर, यावर घराघरांत वाद चालतात. 2024 साली मुलींचा अंतिम सामना तिथे पावणेदोन कोटींहून अधिक लोकांनी टीव्हीवर पाहिला, मुलांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी दीड कोटीही प्रेक्षक मिळाले नाहीत. या स्पर्धेत 68 संघ घेतात. आमच्या गुणवत्तावाद्यांनी इथे कान द्यावेत: 2025 साली त्या 68 पैकी 31 जागा क्रमवारीवर दिल्या नव्हत्या. देशात जेवढ्या लीग आहेत, लहान असो वा मोठी, त्या प्रत्येक लीगच्या विजेत्याला थेट प्रवेश. त्याचा राष्ट्रीय क्रमांक दोनशेच्या खाली असला तरी. उरलेल्या 37 जागा निवड समिती भरते.

याला काय म्हणायचे? आम्ही याला प्रतिनिधित्व म्हणतो. ज्या लीगकडे पैसा नाही, टीव्ही नाही, मोठे स्टेडियम नाही, तिचीही एक खुर्ची पक्की. आणि त्यामुळे तिथे गुणवत्ता बुडाल्याची ओरड नाही. उलट अशाच थेट प्रवेशाने आलेल्या हार्वर्डच्या मुलींनी 1998 साली सोळाव्या मानांकनावरून पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला हरवले आणि ती गोष्ट आजही सांगतात. (हार्वर्ड काही गरिबांचे कॉलेज नव्हे, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण बास्केटबॉलच्या क्रमवारीत ते त्या दिवशी तळालाच होते.)

त्या क्रमवारीच्या गणितात आणखी एक गोष्ट धरतात: सामना कुठे झाला. बाहेरगावी जाऊन जिंकणे घरी जिंकण्यापेक्षा अवघड, म्हणून त्याचे वजन जास्त. आता हे माप डहाणूला लावून पाहा. डहाणू रोडपर्यंत लोकल आली 2013 साली. चर्चगेट तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीन तास. तलासरी गावाला तर रेल्वे स्टेशनच नाही. पाड्यावरून निघायचे, शेअर जीप किंवा एसटी पकडून डहाणूला यायचे, मग गाडी. सकाळी नऊचा सामना असेल तर मुलगी घरातून निघणार कधी, आणि अंधारात तिला सोडायला येणार कोण? तिने मुंबईच्या कॉलेजला हरवले तर तो केवढा विजय धरायचा? आणि वीस गुणांनी हरली तर ती खरोखर वीस गुणांनी कमी का? आमच्या या मुलींचा प्रत्येक सामना बाहेरगावचा. घरचा सामना हा प्रकार त्यांनी पाहिलेलाच नाही.

त्यात हंगाम. कॉलेजच्या स्पर्धांचे दिवस पावसाळा सरता सरता सुरू होतात आणि दिवाळीनंतर जोर धरतात. याच दिवसांत डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून माणसे वीटभट्ट्यांवर, बांधकामावर, भिवंडी-वसईकडे बाहेर पडतात. आई-बाप भट्टीवर गेले की घर, म्हातारी माणसे, लहान भावंडे कोण सांभाळणार? थोरली मुलगी. जी कॉलेजला आहे तीच. सुट्टीच्या दिवशी ती चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. सरावाला वेळ नाही असे ती म्हणाली की सर म्हणतात, "आवड नाही." आवड मोजायची पट्टी कुठल्या घरात तयार झाली, हे कुणी विचारत नाही.

आमच्याच गोटातले काही मित्र इथे अडवतात. त्यांचे म्हणणे, बास्केटबॉल हा शहरी, पैशाचा खेळ. आपल्या मुली कबड्डी, खो-खो, धावण्यात पुढे आहेत, तेच धरून ठेवावे. कविता राऊतचे नाव घेतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी 2010 साली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिचा आम्हाला अभिमान आहेच. पण तिच्या नावाने आमच्या मुलींच्या वाट्याला फक्त धावणेच लिहून ठेवायचे असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. कबड्डीला मातीचे अंगण पुरते. धावायला रस्ता पुरतो. ज्याला काहीच लागत नाही ते आदिवासींचे, आणि ज्याला सिमेंटचे 28 बाय 15 मीटरचे मैदान, खांब, बोर्ड, बूट आणि प्रशिक्षक लागतो ते इतरांचे, ही वाटणी आम्हाला फार ओळखीची वाटते. पाणवठ्यावरची वाटणीही अशीच "ज्याचे त्याला" म्हणून सांगितली जायची.

"आदिवासी मुली मुळातच काटक असतात" हे कौतुकही आम्हाला नको. काटक म्हटले की बूट द्यावे लागत नाहीत, खुराक द्यावा लागत नाही. बास्केटबॉल नजरेचा, पासचा, क्षणात निर्णय घेण्याचा खेळ आहे. तो शिकवावा लागतो आणि शिकता येतो.

शिकता येतो याचा पुरावा लांब शोधायला नको. मुंबईतल्या नागपाड्यात 1927 साली नेबरहूड हाऊस उभे राहिले, कामगार आणि गरीब मुसलमान वस्तीच्या मधोमध. त्या मोहल्ल्यातून अब्बास मुनतसिर घडले, भारताचे कर्णधार झाले, अर्जुन पुरस्कार मिळाला. एका गरीब वस्तीत मैदान, रिंग आणि शिकवणारा माणूस आला, एवढेच घडले होते. छत्तीसगडच्या मुली राष्ट्रीय स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत गेल्या त्या भिलाईला राजेश पटेल यांच्यासारखा प्रशिक्षक वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला म्हणून. छत्तीसगडच्या पाण्यात काही वेगळे नाही.

आणि लुशिया हॅरिसची गोष्ट आमच्या प्रत्येक मुलीने ऐकावी अशी आहे. 1955 सालचा जन्म, मिसिसिपीतले खेडे, आई-बाप दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने राबणारे, घरात अकरा भावंडे, रंग काळा. जवळच्या डेल्टा स्टेट कॉलेजने मुलींचा बास्केटबॉल कधीच बंद करून टाकला होता, कारण काय तर हा खेळ मुलींना झेपत नाही. 1972 साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींशी भेदभाव चालणार नाही. 1973 साली डेल्टा स्टेटने संघ पुन्हा उभा केला. लुशिया त्या संघात एकटीच काळी मुलगी. 1975, 1976, 1977 अशी सलग तीन वर्षे त्या आडगावच्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद घेतले. 1976 च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये मुलींचा बास्केटबॉल पहिल्यांदा आला, आणि त्यातली पहिली बास्केट लुशियाने टाकली. कायदा दहा वर्षे उशिरा आला असता तर ती कापसाच्या शेतातच राहिली असती, आणि क्रमवारीत तिचे नाव नाही म्हणून "काळ्या मुलींना या खेळाची आवड नाही" असा निष्कर्ष कुणीतरी काढलाच असता.

आपल्याकडेही हा इतिहास आहे. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले, त्या काळातले सर्वांत मोठे फिरकी गोलंदाज. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधीच दिले गेले नाही. ते मिळाले धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली, तेही वर्षानुवर्षे वाद झाल्यावर. चेंडूला जात कळत नाही हे खरे, निवड समितीला कळते. बाळू पुढे 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले हेही खरे, पण त्याने त्यांच्यावरचा अन्याय कमी होत नाही.

बाबासाहेबांच्या कामाकडे पाहिले तर आणखी एक धागा सापडतो. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते, 1930 साली अहवाल आला. दलित आणि आदिवासी यांचा प्रश्न एका कागदावर त्या वेळी मांडला गेला होता. पुढे संविधानाच्या 46 व्या अनुच्छेदाने दोघांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. कॉलेजचा खेळ शिक्षणात येत नाही असे कुणाला म्हणायचे असेल तर त्याने तसे लेखी द्यावे.

जमीन नाही, ही सबब तर आमच्यासमोर कुणी काढूच नये. याच डहाणू-तलासरीतून बुलेट ट्रेनला जमीन मिळाली. वाढवणच्या बंदराचे भूमिपूजन 2024 साली झाले, किंमत 76 हजार कोटी. आमच्या मुलींना एका तालुक्यात छप्पर असलेले एक मैदान हवे आहे. आदिवासी उपयोजनेचा निधी आहे, डहाणूला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळांची आवारे आहेत. पाचवीच्या मुलीच्या हातात चेंडू आश्रमशाळेतच आला पाहिजे. कॉलेजला आल्यावर पहिल्यांदा रिंग पाहणारी मुलगी वांद्र्याच्या मुलीशी कशी खेळणार?

विद्यापीठाकडे मागताना आम्ही दया मागत नाही. निवड चाचणीला प्रत्येक जिल्ह्यातून ठरावीक मुली बोलावल्याच पाहिजेत, मग त्यांचे कॉलेज पहिल्या फेरीत हरलेले का असेना. एकट्या मुलीत खेळ असू शकतो, तिच्याभोवती संघ नसतो, एवढाच तिचा दोष. प्रवास आणि जेवणाचा खर्च आधी हातात द्यावा. नंतर बिल लावून मिळणारा पैसा ज्याच्या खिशात आधीच पैसा आहे त्यालाच परवडतो. प्रत्येक कॉलेज कितवे आले, किती सामने खेळले, कुठे खेळले, हे सगळे उघड लावावे, म्हणजे गुणवत्तेचा हिशेब आम्हालाही मांडता येईल. आणि वर्षातून निदान एक फेरी डहाणूला किंवा तलासरीला, दिवाळीच्या आधी घ्यावी. तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचे कॉलेज आहे, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभे करणाऱ्या बाईंचे नाव. मुंबईचे संघ एकदा पहाटेच्या गाडीने इकडे येऊ देत.

या मागण्यांचे निवेदन आम्ही पुढच्या हंगामाचे वेळापत्रक लागण्याआधी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आणि डहाणूच्या प्रकल्प कार्यालयाला देणार आहोत. दोन्ही तालुक्यांतल्या कॉलेजांच्या मुलींनी, त्यांच्या पालकांनी आणि खेळाच्या शिक्षकांनी सह्या कराव्यात. सही करताना नावापुढे पाड्याचे नाव आणि तिथून सामन्याच्या मैदानापर्यंत पोहोचायला किती तास लागतात, तेवढे मात्र लिहावे.

जय भीम. जोहार.