लहरींचेही समन्यायी वाटप हवे

वाटपाचा प्रश्न म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या जनतेस कोणी नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कृष्णा आपल्याच जिल्ह्यांतून वाहत असता माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांचे घसे पिढ्यान्‌पिढ्या कोरडे का राहावेत, हा प्रश्न येथील दुष्काळी जनतेने आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षे विचारला आणि 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात रुजविला. आज अशाच एका सार्वजनिक संपत्तीच्या वाटपाचे नियम देशात घडत आहेत. ही संपत्ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी मोर्चा काढीत नाही, एवढाच काय तो फरक. ती संपत्ती म्हणजे रेडिओ लहरी.

नभोवाणी, मोबाईल, पोलिसांचे बिनतारी संदेश, विमानांचे मार्गदर्शन, हवामानखात्याचे रडार हे सारे याच लहरींवर चालते. एकाच ठिकाणी एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले, तर दोघांचेही बोलणे बुडते; म्हणून कोणी तरी वाटणी करणे अपरिहार्य आहे. परंतु पाणी आणि लहर यांत एक मोठा भेद आहे. न वापरलेले पाणी धरणात राहते, उद्या उपयोगी पडते. न वापरलेली लहर साठविता येत नाही. आज पडून राहिली ती कायमची वाया गेली. तेव्हा लहरी अडवून ठेवणे हा पाणी अडवून ठेवण्याहूनही मोठा अपव्यय होय.

या लहरी कोणाच्या, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच दिला आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. 2008 मध्ये 'प्रथम येईल त्यास प्रथम' या न्यायाने झालेले वाटप किती अन्यायाचे होते, तेही 2012 मध्ये 122 परवाने रद्द झाले तेव्हा जगास दिसले. त्यानंतर लिलाव हा नियम झाला. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांच्या जागी आलेल्या 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही, परिशिष्टातील ठराविक अपवाद वगळता, लिलाव हाच नियम ठेवला. हे योग्यच झाले. उघड्यावरचा लिलाव बंद दाराआडच्या मेहेरबानीपेक्षा केव्हाही चांगला.

तथापि लिलावाने किंमत ठरते, पोहोच ठरत नाही. 2022 च्या लिलावात सरकारास सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. पण या लहरी विकल्या जातात त्या परिमंडळाच्या हिशेबाने. आणि मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एकच परिमंडळ होते. ज्याने हे परिमंडळ घेतले, त्याचा त्या लहरींवर पुण्यात जेवढा हक्क, तेवढाच जतेत आणि जावळीतही. पुण्यात तो त्या वापरील, कारण तेथे गिऱ्हाईक आहे. पाटण-जावळीच्या डोंगरातील वाडीवर त्याच लहरी पडून राहिल्या, तरी तेथे त्या दुसऱ्या कोणास वापरता येणार नाहीत. परवान्यात विस्ताराच्या अटी असतात, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु अट पूर्ण होणे आणि शेवटच्या वस्तीपर्यंत लहर पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कालवा नकाशावर पूर्ण झाला म्हणून टोकाच्या शेतात पाणी येतेच, असे या भागातील कोणता शेतकरी म्हणेल?

नव्या कायद्याच्या 7 व्या कलमात एक चांगली तरतूद आहे. सबळ कारणाविना न वापरलेल्या लहरी सरकारास परत घेता येतात. पण हा वापर परिमंडळाच्या मापाने मोजला, तर पुण्याचा वापर जतेची उपेक्षा झाकून टाकील. तो तालुक्याच्या मापाने मोजला, तरच या कलमास अर्थ राहील. कंपन्या धर्मादाय संस्था नव्हेत, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु ग्रामीण सेवेसाठी म्हणूनच कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के आकार घेतला जातो आणि त्याचा निधीही आहे. तूट भरण्यास तो आहे. लहरी निजवून ठेवण्यास मात्र कोणतेही समर्थन नाही.

लहरींचा छोटा वाटाही काय करू शकतो, याचे दाखले आपल्याच जिल्ह्यांत आहेत. सांगलीचे आकाशवाणी केंद्र 1963 पासून या भागाचा आवाज आहे. पण माण तालुक्यात म्हसवडचे 'माणदेशी तरंग' आणि जत तालुक्यात जालिहाळचे 'येरळावाणी' ही सामुदायिक केंद्रे त्याहूनही जवळचे, गावच्या ओसरीवरचे बोलणे बोलतात. त्यांची शक्ती 100 वॅटच्या मर्यादेतली, पल्ला काही मैलांचा. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे खुली झाली. परंतु ती कशी चालावीत, हे आजही मार्गदर्शक सूचनांवर ठरते आणि त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्याखाली होती, तेव्हा वीज आणि दूरसंचार या दोहोंचाही आधार तुटल्याचा अनुभव अनेक गावांनी घेतला. अशा वेळी बॅटरीवरचा रेडिओ आणि ओळखीचा आवाज याहून मोठा आधार कोणता? ज्या आवाजावर संकटात विसंबावयाचे, त्यास एरवी ग्रामसभेची बातमी सांगण्याचीही बंदी असावी, हे आम्हांस विसंगत वाटते.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. लहरींच्या वापराचा तालुकावार हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. पडून राहिलेल्या लहरी त्या तालुक्यापुरत्या काढून स्थानिक सेवेस द्याव्यात. आणि सामुदायिक केंद्रांचा वाटा सूचनांच्या मर्जीवर न ठेवता नियमांत निश्चित करून त्यांच्यावरील बातम्यांची बंदी उठवावी. सातारा व सांगलीच्या खासदारांनी संसदेत पहिला प्रश्न हाच विचारावा: आमच्या जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुक्यात किती लहरी दिल्या आहेत, आणि त्यांतील किती प्रत्यक्ष वापरात आहेत? उत्तर मिळाल्यावाचून त्यांनी बसू नये. पाण्याचा हिशेब मागावयास या मुलखास फार उशीर झाला. लहरींचा हिशेब मागावयास तेवढा होऊ नये.